दळण आणि पीठ : एका गिरणीच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४ (दसरा)

आज गिरणी बंद. पट्टे काढून सगळं पुसून घेतलं. मोटरीला झेंडूचा हार, तराजूला हळदकुंकू. नारळ अण्णांनीच फोडला आणि दरवर्षीसारखं निम्मं पाणी मोटरीवर सांडलं. धाकटी म्हणाली, "आजोबा, शॉक लागंल की." तर म्हणतात, "मेन स्विच मी सकाळीच पाडलाय, मला शिकवू नको."

ही वही उघडायचं कारण लाइट बिलं. रोज किती दळण होतं ते आम्ही कधी लिहीत नाही, पण जुन्या बिलांचा गठ्ठा परवा सापडला आणि युनिटवरून अंदाज काढत बसलो. दहा वर्षांपूर्वी दिवसाला साडेतीनशे किलो सहज निघत होतं. आता दीडशेच्या वर जात नाही, सणवार सोडून. कारणं काही गूढ नाहीत. घरघंटी हप्त्यावर मिळते. पाच किलोचा गव्हाच्या आट्याचा पुडा फोनवरून दारात येतो. आणि सोलापूरची पोरं पुण्याला गेलीत. मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांना महिन्याला दळण ते कितीसं लागणार?

अण्णांनी १९७८ साली गिरणी टाकली तेव्हा मिलच्या भोंग्यावर शटर उघडायचं. आमच्या गावात 'मिल' म्हणजे कापडाची आणि 'गिरणी' म्हणजे पिठाची, मुंबईवाल्यांसारखा घोळ नाही. भोंगे थांबून जमाना झाला. शटर अजून साडेसहालाच उघडतं.

तर ठरवलेलं काम असं: ज्वारीचं पीठ पुड्यात भरून विकायचं. स्वतः ज्वारी घ्यायची, निवडायची, दळायची, भरायची. खर्च पन्नास हजारांच्या आत. मुदत सहा महिने. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

गिरणीच्या दगडांना टाकी लावून घेतली, म्हणजे झिजलेल्या चऱ्या छिन्नीने पुन्हा कोरून घेतल्या. दिवाळीच्या आधी लावावीच लागते, नाहीतर भाजणीत दगड नुसता फिरतो आणि पीठ गरम निघतं.

टाकी लावणारे मामा मोहोळकडून एसटीने येतात. वय सत्तरीला आलेलं, पिशवीत सहा टाक्या, एक हातोडी आणि एक लाकडी पट्टी. चेनपुलीने वरचं चाक उचलून उताणं केलं. पट्टीला ओली काव फासली आणि दगडावरून अलगद फिरवली. जिथे दगड उंच होता तिथेच लाल डाग उठले. तेवढेच टिपत गेले. मग घरं. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या तिरक्या चऱ्या, मध्याला खोल आणि कडेला उथळ. मी दोन चऱ्या मारून पाहिल्या तर मामांनी टाकी हातातून काढूनच घेतली. "दगड खडबडीत करायचा नसतो. दाण्याला बाहेर जायची वाट दाखवायची असते."

त्यांच्यानंतर कोण, हे विचारायचं टाळलं. त्यांचा मुलगा बिगारी कामाला जातो.

टाकीनंतर पहिलं पाच किलो धान्य दळून फेकून दिलं. त्यात दगडाची कच असते, ते जनावरालाही घालायचं नाही. हा अण्णांचा नियम आहे आणि हा एक मी कधी मोडलेला नाही.

खर्च: मामांची मजुरी १,२००, जेवण आणि गाडीभाडं वेगळं.

रविवार, २७ ऑक्टोबर

लिहायला वेळ नाही, तरी लिहितो, कारण आजचा दिवस वर्षातून एकदाच येतो. सकाळी सहापासून डब्यांची रांग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत. सगळी गल्ली भाजलेल्या डाळीच्या वासाने भरलेली.

प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी. कुणाची मराठीत, कुणाची तेलुगूत, कुणाची कन्नडमध्ये, आणि पलीकडच्या चाचींची उर्दूत. मला तेलुगू वाचता येत नाही, पण "अक्का, जाड" एवढं अक्षराच्या वळणावरून ओळखतो. चकलीची भाजणी बारीक. थालीपिठाची जरा भरड. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांतून तांदळाचं येतं, ते धुऊन, सावलीत वाळवून. त्यात ओल राहिली की चऱ्या भरतात आणि अर्धा तास जातो.

आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण कशावर काय दळायचं यात आहे. एक दळण संपलं तरी गिरणीच्या पोटात पाव-अर्धा किलो पीठ राहतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू, डाळीचं शेवटी. उपवासाची भगर आणि राजगिरा फक्त गुरुवारी पहाटे, चाकं झाडून. इतक्या वर्षांत यावरून एकदाही भांडण झालेलं नाही. तिखटाला तर या गिरणीत जागाच नाही, त्याचा डंका शेजारच्यांचा.

दुपारी एका काकूंची भाजणी करपलेली निघाली. डबा उघडताच कळलं. दळू की नको? दळलं तर चकली कडू होणार आणि नाव गिरणीचं जाणार. सांगितलं तर दहा बायकांसमोर त्यांचा पाणउतारा. बायकोने डबा हळूच बाजूला सरकवला आणि त्यांना म्हणाली, "काकू, तुमचं संध्याकाळी ताज्या चाकावर दळून देते." त्या हसल्या. त्यांनाही कळलं होतं. संध्याकाळी नवी भाजणी घेऊन आल्या.

हे पुड्यात कसं भरणार, असं रात्री वाटून गेलं. झोपलो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेची चौकशी केली. खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख, पण ते कर्जाला जोडलेलं. बँकेतले साहेब चांगले बोलले. मग म्हणाले, प्रकल्प अहवालात पुढच्या पाच वर्षांची विक्री दाखवा. मी म्हटलं, पुढच्या पाच महिन्यांची मला माहीत नाही. ते म्हणाले, सगळे दाखवतात.

कर्ज नको. योजनेत खोट नाही, माझ्यात ती छाती नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

अन्न सुरक्षेची नोंदणी ऑनलाइन केली. बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाचे शंभर रुपये. चौदा आकडी नंबर आला. उद्यम नोंदणी फुकट होते. बाहेर एकजण तिचे पाचशे मागत होता. पॅकबंद, लेबल लावलेल्या पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पण आमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या खूप खाली, असं हिशेब बघणाऱ्याने सांगितलं.

अण्णांना सांगितलं. "बरं," म्हणाले. अण्णांचं 'बरं' म्हणजे पुढे बोलणं आहे.

रविवार, १२ जानेवारी २०२५

दीड महिना वही उघडली नाही. डिसेंबरात मोटर जळाली, वाइंडिंगला साडेपाच हजार गेले. चार दिवस गिरणी बंद होती. त्या चार दिवसांत किती घरांनी घरघंटी बघून ठेवली असेल ते देव जाणे.

उद्या भोगी, म्हणून आज बाजरीच बाजरी. शहर सिद्धेश्वराच्या यात्रेने भरलंय. दुपारी थोडी उसंत मिळाली तेव्हा धाकटीला घेऊन चार पुतळ्यांपाशी जाऊन आलो. १९३१ साली आजच्याच तारखेला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. तिने पाटीवरची नावं मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "पप्पा, ही तर आपल्या डब्यांवरची आडनावं." हसू आलं. पण खरंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

मंगळवेढ्याला जाऊन आलो. नवी ज्वारी. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे बाजारात प्रत्येक पोतं मंगळवेढ्याचंच असतं. म्हणून थेट रानात गेलो. काळी, भेगाळलेली जमीन. पेरणीनंतर पाण्याचा थेंब नाही, दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर पीक येतं. मालदांडीचं कणीस हातात घेतलं, दाणा मोत्यासारखा, टपोरा. शेतकरी म्हणाला, "दाताखाली धरा." धरला. कट्ट वाजला. म्हणजे वाळलीय.

पाच क्विंटल घेतली. त्याच्या बायकोने वर दोन किलो घातली, "पोरींना हुरड्याची म्हणून." हुरड्याचे दिवस सरले होते, पण माप वरच पडलं.

आयुष्यात पहिल्यांदा गिरणीत आमच्या मालकीचं धान्य आलं. सत्तेचाळीस वर्षांत दुसऱ्याचंच दळलं. घरचं दळणसुद्धा आई डब्यात आणून रांगेत ठेवायची, चिठ्ठीसकट. रात्री पोत्यांकडे बघताना जरा अवघडल्यासारखं झालं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चाळीस पुडे भरले, एक-एक किलोचे. ज्वारी निवडायला गल्लीतल्या दोन मावश्या आल्या. त्या आधी विड्या वळायच्या, त्यामुळे हाताला वेग असा की बघत राहावं. पुड्याचा दर ६० रुपये. तीन किराणा दुकानांत ठेवले. नाव काय द्यायचं यावर घरात दोन तास गेले. मोठीने पाच नावं काढली, पाचही शाम्पूची वाटत होती. शेवटी नुसतं 'ज्वारीचं पीठ' आणि गिरणीचा पत्ता.

मंगळवार, ४ मार्च

एक पुडा परत आला.

दुकानदाराने दिला, सोबत निरोप: "भेसळ आहे म्हणतात." कुणी पाठवला ते सांगेना. दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं. रोजे सुरू झालेत, चाचींचं भज्यांचं डाळीचं पीठ दळताना हात चालत होता आणि मनात तोच शब्द. मी स्वतः रानातून आणलेली ज्वारी, स्वतःच्या चाकावर दळलेली.

हिने पुडा घेतला, मूठभर पीठ परातीत ओतलं, गार पाण्यात मळलं आणि थापायला घेतलं. दुसऱ्याच थापेला कडा फाटल्या. तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे तीन तुकडे.

"भेसळ कसली," म्हणाली, "पीठ विरी गेलंय."

एवढी साधी गोष्ट, आणि गिरणीवाल्याला सुचली नाही! गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत मुळातच नाही. भाकरी टिकते ती ताज्या पिठाच्या विरीवर, म्हणजे धरून राहण्याच्या गुणावर. म्हणून तर घरोघर ज्वारी आठ दिवसांचीच दळून नेतात. हे मी लहानपणापासून बघतोय, पण ते त्यांचं पीठ होतं, डबा घरी गेला की माझा संबंध संपायचा. दुकानात पुडा दहा दिवस उन्हाच्या तिरपीत पडून होता.

मंगळवार, १८ मार्च

दोन आठवडे प्रयोग केला. ५ तारखेला दळलेलं एकच पीठ, रोज एक भाकरी, गार पाण्यात. थापणारी ही, खाणारा मी, शेरा अण्णांचा (पाटीवर खडूने).

पहिले तीन दिवस शेरा "बरी". अण्णांच्या भाषेत हे पहिल्या वर्गाचे गुण. पाचव्या दिवशी "चालंल". आठव्या दिवशी कडा फाटायला लागल्या. अकराव्या दिवशी थापताच येईना, उकळतं पाणी घालून मळावं लागलं. तेराव्या दिवशी चवही उतरली, मागून किंचित कडवट. थंडीच्या दिवसांत हे आकडे लांबतील. बाजरीचं याहून लवकर बिघडतं, ते पुड्यात भरायच्या भानगडीत पडायचं नाही.

उकळत्या पाण्याची युक्ती पुड्यावर छापावी असा मी विचार केला. अण्णा म्हणाले, "म्हणजे शिळं विकतोय हे छापणार?"

आणि मग ते 'बरं' एकदाचं बाहेर आलं. "आपण दळणारी माणसं. बाई तिचं धान्य आणते, तिच्या डोळ्यांपुढं दळतो, तिच्या डब्यात घालतो. तिला माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच पडत नाही. तिला दिसतंय. तू पुडा चिकटवलास की तिनं तुझ्या तोंडाकडं बघून घ्यायचं. आणि तुझं तोंड तर दुकानात नाहीच."

मी चिडलो. म्हणालो, दीडशे किलोवर पोरींची कॉलेजं होत नाहीत. ते उठून बाहेर जाऊन बसले. संध्याकाळी एका अक्कांचा डबा स्वतः उचलून त्यांच्या दारापर्यंत देऊन आले. गुडघे दुखत असताना.

रविवार, ३० मार्च (पाडवा)

गुढी आमची, उगादी तेलुगू घरांची, आणि चंद्र दिसला तर उद्या ईद. सकाळपासून गल्लीत तिन्ही घरांची ताटं फिरतायत. उगादीची पच्चडी दोन घरांतून आली, कैरी-गूळ-कडुलिंबाची.

दुकानांतले पुडे सगळे परत आणले. सोळा विकले होते, बाकीच्यांतलं काही शेजारच्या म्हशींना, काही आमच्या घरात. तोटा लिहून ठेवतो: साधारण १,६०० रुपये आणि थोडी इज्जत.

नवी रीत अशी. ज्वारी गिरणीतच उघड्या पोत्यात ठेवायची. गिऱ्हाइकाने दाणा बघायचा, दाताखाली धरायचा. दुपारपर्यंत फोन करायचा, चारला दळायचं, संध्याकाळी पोहोचवायचं. दळून शिल्लक काही ठेवायचं नाही. पुडा साधा कागदी, त्यावर एकच मोठा शिक्का: दळल्याची तारीख, आणि खाली "आठ दिवसांत संपवा".

अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हणजे दळणच की," म्हणाले. "फक्त पोतं आपलं."

सोमवार, २१ एप्रिल

ऊन मरणाचं. पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. दळण पहाटे आणि संध्याकाळी.

फोनवरची बत्तीस घरं झाली. बहुतेक जुळे सोलापूर आणि विजापूर रोडच्या बाजूची, जिथे आमच्याच गल्लीतली माणसं फ्लॅट घेऊन गेलीत. पोहोचवायला मोठी जाते, तिची परीक्षा संपली. पहिल्या दिवशी म्हणाली, "पप्पा, कुणाला पीठ नको असतं. सगळ्यांना गल्लीत कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं हे ऐकायचं असतं. एका घरी चाळीस मिनिटं बसले." पेट्रोलचा हिशेब वेगळा लिहायला सांगितलाय.

मंगळवार, १३ मे

आकडे. ठरलेल्या खर्चातले ४१,३०० संपले, त्यातला मोठा वाटा ज्वारीचाच, ती परत आलीय. नव्या रीतीचं पीठ महिन्याला दोनशे दहा किलो. किलोमागे सगळं जाऊन अकरा-बारा रुपये सुटतात. नुसत्या दळणाला मी आठ घेतो आणि त्यातनं लाइट जाते. म्हणजे फायदा आहे, पण गाडी घ्यायचा नाही. लाइट बिल या पैशांतून भागतं, एवढं म्हणता येईल.

निवडणाऱ्या मावश्यांना किलोमागे तीन रुपये देत होतो, चार केले. कुणी मागितले नव्हते. हिने सांगितलं.

टाकीवाले मामा या महिन्यात आले नाहीत. फोन लागत नाही. पट्टीला काव लावून मीच बसलो. चऱ्या वाकड्या झाल्या, पीठ जरा भरड येतंय. अण्णा दोन बोटांत चिमूट घेऊन चोळतात आणि काही बोलत नाहीत.

शुक्रवार, ६ जून

सहा महिने कधीच उलटले, वही आज बंद करायची म्हणून घेतली.

दुपारी एक बाई रिक्षातून उतरल्या. फोनवरच्या बत्तिसांतल्या. विजापूर रोडला राहतात, लहानपणी आईबरोबर इथेच दळणाला यायच्या. हातात रिकामा स्टीलचा डबा, झाकणाला जुन्या पद्धतीची कडी. आईचा म्हणाल्या. "पुडा नको हो. कागदातनं पीठ सांडतंय. यात द्या."

मी पोतं दाखवलं. दाणा दाताखाली न धरताच त्यांनी मान हलवली आणि आत अण्णा बसलेत त्या बाकावर जाऊन टेकल्या. ज्वारी दळली, डबा भरला, तारखेचा शिक्का कुठे मारायचा म्हणून क्षणभर अडलो.

अण्णांनी कॅलेंडरचा कोपरा फाडला. त्यावर तारीख लिहिली, खाली त्या बाईंच्या आईचं नाव, आणि "बारीक". चिठ्ठी पिठावर ठेवून झाकण लावलं.